लातुरात समुद्र, आणि सेक्रेटरी काकांच्या गाडीवर दहा लिटर पाणी

"ज्या गावाला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या गावात तू घरात समुद्र करायलास?" आईचं हे वाक्य ऑगस्ट २०२४ मधलं. माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आजही नीट नाही. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पहिली पाण्याची गाडी लातूरला आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर, त्या उन्हाळ्यात मी स्वतः कॅन घेऊन टँकरच्या रांगेत उभा राहिलोय. आणि आता तोच मी हॉलमध्ये सहा फुटी खाऱ्या पाण्याची टाकी मांडायला निघालो होतो. नऊ वर्षं गोड्या पाण्याचे मासे पाळले, झाडंबिडं लावलेल्या टाक्या केल्या, पण खारं पाणी म्हणलं की हात थरथरायचे. मासे मरतील ही भीती होतीच पण त्याहून मोठी भीती पाणी घरभर होईल याची होती. म्हणून हे लिहितोय, कारण शोधायला गेलं तर मासे कोणते घ्यावे यावर भरपूर माहिती मिळते, पण वरचं पाणी खाली किती येईल, खालचं वर किती जाईल आणि लाइट गेल्यावर नेमकं काय होईल हे आपल्या भाषेत कुणी सांगत नाही.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. वर मोठी टाकी, तिच्या खाली कपाटात दुसरी लहान टाकी, तिला सम्प म्हणतात. वरच्या टाकीतलं पाणी एका कडेवरून सांडून पाइपनं खाली सम्पमध्ये येतं, तिथं गाळणी, फेस करून घाण काढणारा स्किमर वगैरे असतं, आणि पंप ते पाणी परत वर ढकलतो. एवढंच. (घरात सम्प बसवतोय म्हणलं की आमच्याकडं लोकांना जमिनीतला हौद वाटतो, आणि पुण्याच्या मेव्हण्याला वाटलं एसटीचा संप.) वरच्या टाकीला थेट पंप न लावता ही सगळी उठाठेव कशाला, तर पाण्याचा एकूण साठा वाढतो, यंत्रं डोळ्यासमोर दिसत नाहीत, आणि वरची पातळी कायम एकसारखी राहते.

माझे वडील, अण्णा, पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून रिटायर झालेत. त्यांना मी कागदावर आकृती काढून दाखवली. पाच मिनिटं बघत बसले आणि म्हणाले, "म्हणजे हा सांडवा व्हय." मला ओव्हरफ्लो हा शब्द तीन वर्षं माहीत होता पण तो सांडवा आहे हे डोक्यातच आलं नव्हतं. पाझर तलावाचा असतो तोच सांडवा. जायकवाडीला सत्तावीस दरवाजे आहेत, माझ्या टाकीला एकही दरवाजा नाही, नुसती काचेची कड आहे, पण हिशोब तोच, येणारं पाणी आणि जाणारं पाणी. त्या दिवसापासून अण्णा या प्रकरणात घुसले ते अजून बाहेर आले नाहीत.

टाकीचं माप ठरलं ७२ बाय २४ बाय २४ इंच, १२ मिलिमीटर काच. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, खाली पार्किंग. सप्टेंबरमध्ये सोसायटीला अर्ज दिला. खरं तर न विचारता ठेवली असती तर कुणाला कळलंही नसतं, पण वजनाचा हिशोब केल्यावर माझंच धाडस झालं नाही. पाणी वर-खाली मिळून साधारण ७०० किलो, काच दीडशेच्या वर, लोखंडी स्टँड ९०, दगड ६०, म्हणजे एक टन आणि वर थोडं. हे सगळं सहा बाय दोन फुटाच्या जागेत. राहत्या खोलीचा स्लॅब डिझाइन करताना चौरस मीटरला दोनशे किलो लोड धरतात, आणि मी तिथं जवळजवळ हजार ठेवणार. सेक्रेटरी काका म्हणाले स्ट्रक्चरल इंजिनियरचं लेखी आणा, मग बघू. इंजिनियर आले, पस्तीसशे रुपये घेतले, आणि पहिलं काम काय केलं तर मला खाली पार्किंगमध्ये नेलं आणि वर बघायला सांगितलं. बीम कुठून कुठं जातोय ते तिथनं स्पष्ट दिसतं. टाकी हॉलच्या मधोमध ठेवायचा माझा बेत त्यांनी तिथंच रद्द केला. बीमच्या वर, बीमला समांतर, भिंतीला चिकटून, एवढंच चालेल. मी खडूनं खाली खूण करून वर येऊन तेवढीच जागा मोजून काढली. तुम्ही वरच्या मजल्यावर असाल तर आधी हे करा, टाकीचं माप नंतर.

एक गोष्ट तेव्हा बघूनही बघितली नाही. त्या बीमच्या बरोब्बर खाली काकांची पांढरी गाडी उभी असते.

पत्र द्यायला इंजिनियरनी नऊ दिवस घेतले, सोसायटीची मीटिंग दसऱ्यानंतर, त्यात एकानं विचारलं मगर पाळणार का, शेवटी २३ ऑक्टोबरला ना-हरकत मिळाली. त्यात एक अट हातानं लिहिलेली, "गळती झाल्यास खर्च सदनिकाधारकाचा." सही करून टाकली.

या दीड महिन्याच्या रिकाम्या वेळाचा फायदा हा झाला की मला हिशोब करायला वेळ मिळाला, आणि या छंदात पैशापेक्षा हिशोबानंच जास्त वाचतं.

पहिला प्रश्न, तासाला किती पाणी सम्पमधून फिरवायचं. जुने लोक टाकीच्या दहापट सांगतात. पण आता पाण्यात लाटा करायला वेगळे वेव्हमेकर येतात, ते आतल्या आत पाणी हलवतात, त्यामुळं सम्पमधून तीन ते पाच पट पुरतं. माझ्या टाकीत काठापर्यंत न भरता ५७० लिटर बसतं, म्हणून मी तासाला ३००० लिटर धरलं. जास्त फिरवलं तर जास्त चांगलं असं काही नाही, आवाज वाढतो, बुडबुडे वाढतात, वीज वाढते.

दुसरा प्रश्न सांडव्याची लांबी. बहुतेक तयार टाक्यांना कोपऱ्यात एक काळी पेटी असते, तिला कंगव्यासारखे दाते, त्यातनं पाणी सांडतं. दात्यांमुळं मोकळी जागा जेमतेम वीस सेंटिमीटर उरते. अण्णांनी त्यांचं जुनं सूत्र काढलं, आयताकृती सांडव्याचं, आणि ३००० लिटरला वीस सेंटिमीटर कडेवर पाण्याची जाडी येते सतरा मिलिमीटर. तीच कड टाकीची पूर्ण रुंदी म्हणजे साठ सेंटिमीटर केली की जाडी आठ मिलिमीटर. पातळ पापुद्रा सांडला की वरचा तवंग नीट ओढला जातो, आवाज कमी, आणि पंप बंद पडल्यावर खाली येणारं पाणीही कमी. म्हणून डावीकडच्या आखूड बाजूला या काचेपासून त्या काचेपर्यंत सरळ कड, मागं पंधरा सेंटिमीटरचा कप्पा. दाते नाहीत, वर नुसती जाळी, मासा उडी मारून जाऊ नये म्हणून.

तिसरं, त्या कप्प्यातनं खाली किती पाइप. एकाच पाइपनं काम होतं, त्याला डर्सो म्हणतात, पण पाण्याबरोबर हवाही जाते आणि रात्री हुक्का ओढल्यासारखा आवाज येतो. दोन पाइपवाल्याला हर्बी म्हणतात, एक पूर्ण भरून वाहणारा, एक इमर्जन्सीचा. मी तीनवाला घेतला, बीनअॅनिमल असं विचित्र नाव आहे त्याचं. पहिला पाइप पूर्ण भरून सायफननं, म्हणजे आत हवा न शिरता पाणी आपल्याच ओढीनं, वाहतो, त्याला खाली व्हॉल असतो, त्यानं प्रवाह जुळवायचा. दुसरा थोडा उंच, जे थोडंफार उरलंय ते शांतपणे नेतो. तिसरा सगळ्यात उंच आणि कायम कोरडा. तो कोरडाच राहिला पाहिजे, त्यात पाणी दिसलं म्हणजे पहिल्या दोनात काहीतरी अडकलंय. अण्णा म्हणाले, "हा आपत्कालीन सांडवा, याच्यावर कुणी झोपडी बांधायची नाही." म्हणजे त्याला ना जाळी, ना व्हॉल, ना काही. तिन्ही पाइप सव्वा इंची.

नोव्हेंबरात काच. सहा फुटी टाकी आमच्या जिन्याच्या वळणावर फिरत नाही हे टेपनं मोजून कळलं होतं, म्हणून काचा इथल्या दुकानात कापून घेतल्या आणि चिकटवायला बाहेरनं माणूस बोलावला. तळाच्या काचेला चार भोकं, तीन उताराची एक पंपाच्या पाइपची, सगळी त्या कप्प्याच्या आत, म्हणजे कनेक्टर गळला तरी टाकी नाही, फक्त कप्पा रिकामा होईल. दुकानात विचारून घ्या की काच टफन नाही ना, टफन काचेला भोक पाडता येत नाही, चुरा होतो. आमची साधी होती तरी तिसऱ्या भोकाला तळाची काच तडकली. कारागीर पाणी सोडायचं थांबला आणि डायमंडचा बिट तापला, एवढंच. बिलाच्या मागं बारीक अक्षरात छापलेलं, होल मारताना काच फुटल्यास दुकान जबाबदार नाही. २३०० रुपये गेले. दुसऱ्या काचेला मी स्वतः बाटलीनं पाणी सोडत उभा राहिलो आणि बिट मधनंमधनं उचलायला लावला. काच, सिलिकॉन, मजुरी, खालचा सम्प धरून ४६ हजार.

सिलिकॉन सुकायला त्यानं आठ दिवस सांगितले, मी पंधरा थांबलो.

स्टँड वेल्डिंगवाल्याकडनं, साडेचौदा हजार, त्यावर १८ एमएम प्लाय आणि वर फोमची शीट. लेव्हल बघायला गवंड्याकडची लेव्हल पाइप आणली, ती पारदर्शक नळी, पाणी भरलेली. आधी वाटलं अर्धा सेंटिमीटर इकडंतिकडं चालतं. नाही चालत. कडेवरचा पापुद्राच आठ मिलिमीटरचा आहे, कड चार मिलिमीटर तिरकी झाली तर सगळं पाणी एकाच टोकाला पळतं. पायाखाली पत्र्याच्या चकत्या सारून एक मिलिमीटरवर आणली, त्यात एक अख्खा रविवार गेला.

आता नळफिटिंग. डिसेंबर १४, १५. आमचा नळफिटर माणूस चांगला, हात सफाईदार, पण त्यानं आयुष्यभर गोड्या पाण्याचं काम केलेलं. पहिल्याच दिवशी चकचकीत पितळी गेट व्हॉल घेऊन आला, "साहेब प्लास्टिकपेक्षा हे दणकट." पितळेत तांबं असतं, आणि खाऱ्या पाण्यात तांबं सुटलं की कोळंबी, गोगलगाई, असले बिनकण्याचे जीव मरतात. लोखंडी क्लॅम्प, स्क्रू हेही नको, गंजतात. प्लास्टिकचा बॉल व्हॉल गावात मिळतो पण त्यानं बारीक जुळवणी होत नाही, केसभर फिरवला की पाणी धडाधड वाढतं. प्लास्टिकचा गेट व्हॉल पुण्याहून मागवला, नऊशे रुपये, कुरियर सहा दिवस. तेवढ्यासाठी काम थांबवलं आणि थांबवल्याचा मला आनंदच आहे.

आणखी एक. प्रत्येक व्हॉलच्या आणि पंपाच्या आधी-नंतर युनियन, म्हणजे आट्यांनी उघडता येणारा जोड, लावा. सोल्युशननं चिकटवलेलं पुन्हा सुटत नाही, कापावं लागतं.

पंपाची गोष्ट जरा लांबड आहे. मोटारीच्या दुकानात गेलो तर म्हणाले अर्धा एचपी मोनोब्लॉक टाका, टेन्शनच नाही. तो आमच्या बोअरला ठीक आहे, इथं नाही. मी डीसी पंप घेतला, खोक्यावर तासाला ६००० लिटर, हेड ४ मीटर, साडेअकरा हजार. खोक्यावरचा आकडा म्हणजे पाणी अजिबात वर न चढवता, पाइप न लावता काय देईल तो. पाणी चढवायचं म्हणलं की तो उतरायला लागतो आणि ४ मीटरवर शून्य होतो. माझ्याकडं सम्पच्या पाण्यापासून वरच्या पाण्यापर्यंत उंची ११० सेंटिमीटर. पण पाइपचं घर्षण आणि एल्बो धरावे लागतात. फिटरनं रिटर्नला, म्हणजे पाणी परत वर नेणाऱ्या वाटेला, एक इंची पाइप टाकला होता, कारण पंपाचं तोंड एक इंची आहे, आणि भिंतीला धरून सुबक दिसावं म्हणून सहा एल्बो. २० लिटरचा पाण्याचा जार घेतला, वरच्या तोंडाखाली धरला, मुलीनं मोबाइलवर सेकंद मोजले. २८ सेकंद. म्हणजे तासाला २५७० लिटर. पंप फुल्ल सोडून. सगळं उकलून सव्वा इंची पाइप, एल्बो सहाचे तीन, जार २३ सेकंदात, म्हणजे ३१३०. तोच पंप, तीच वीज. पंपाच्या तोंडाचं माप म्हणजे पाइपचं माप नव्हे, हे मला १८०० रुपयांच्या दुबार फिटिंगनंतर कळलं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते.

लाइट गेली की काय होतं? पंप थांबतो. वरचं पाणी कडेच्या पातळीपर्यंत सांडत राहतं आणि खाली येतं. कप्प्यातलं थोडं येतं, पाइपमधलं येतं. माझ्या टाकीत वरचा एक सेंटिमीटर म्हणजे साडेदहा लिटर. सम्प चार फूट बाय दीड फूट, त्यात एक सेंटिमीटर म्हणजे सव्वापाच लिटर. म्हणजे वर एक उतरला की खाली दोन चढतात, हे एवढं गणित पाठ करून ठेवा. माझा हिशोब असा होता की आठ मिलिमीटरचा पापुद्रा, कप्पा, पाइप, सगळं मिळून बावीस लिटर खाली येईल, आणि सम्पमध्ये चालू पातळी २३ सेंटिमीटर ठेवली तर वर ८८ लिटरची मोकळी जागा. बावीस येणार, अठ्ठ्याऐंशीची जागा. मी तर अण्णांना म्हणालो सम्प उगाच मोठा केला.

११ जानेवारी २०२५, शनिवार, साध्या बोअरच्या पाण्यानं पहिली चाचणी. पंप चालू, पाणी कडेवरून काचेसारखं सांडतंय, व्हॉल थोडा थोडा बंद करत आणला आणि आवाज एकदम थांबला, इतका की बायको स्वयंपाकघरातनं बघायला आली बंद पडलं का काय. पाऊण तास सगळे कौतुकानं बघत बसलो. मग मी ऐटीत बटन बंद केलं.

पाणी उतरलं. कडेशी आलं. आणि थांबलं नाही.

पंपाचं वर येणारं तोंड फिटरनं एल्बो खाली वळवून लावलं होतं, पाण्याखाली आठ सेंटिमीटर. तेच तोंड उलटं सायफन झालं. पाइपमधनं पाणी परत पंपातनं सम्पमध्ये. फिटर म्हणाला होता, "साहेब एनआरव्ही लावलाय, एक थेंब परत येणार नाही." एनआरव्ही म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल. त्याच्या झडपेत टेफ्लॉन टेपचा तुकडा अडकलेला निघाला, नखाएवढा. आठ सेंटिमीटर गुणिले साडेदहा, चौऱ्याऐंशी, कप्पा आणि पाइप धरून सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव लिटर. जागा अठ्ठ्याऐंशी. मी दोन्ही हातांनी वरचा एल्बो ओढायला बघतोय, तो चिकटवलेला, बायको चादरी टाकतेय, मुलगी बादली घेऊन पळतेय, आणि अण्णा खुर्चीत बसून सम्पकडं बघत शांतपणे म्हणतायत, "कालवा उलटा वाहायलाय."

दहा लिटर बाहेर आलं. दहा लिटर म्हणजे फार नाही, अर्धा जार, पण फरशीवर दहा लिटर बघा एकदा. पाइपसाठी भिंतीजवळ जे जुनं भोक होतं त्यातनं ते थेट पार्किंगमध्ये, काकांच्या पांढऱ्या गाडीच्या टपावर. नशीब साधं पाणी होतं. खारं असतं तर पेंटचा खर्च माझ्या नावावर होता, ना-हरकतीत लिहूनच दिलेलं. मी खाली जाऊन गाडी पुसली, काकांना सांगितलं, ते म्हणाले, "मगर नाही ना पडली?" आणि आत गेले. दुसऱ्या दिवशीपासून गाडी एक जागा सोडून लागते.

तीन दिवस मी त्या टाकीकडं बघितलं नाही. विकून टाकावी वाटलं. हे पण लिहितो कारण अशा लिखाणात लोक हा भाग गाळतात.

दुरुस्ती मात्र सोपी होती. वरचं तोंड पाण्याखाली फक्त दीड सेंटिमीटर आणलं आणि आडवं केलं. शिवाय पाइपला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली सहा एमएमचं भोक पाडलं, पातळी उतरली की त्यातनं हवा शिरते आणि सायफन तुटतो. हे भोक शेवाळानं किंवा गोगलगाईनं बुजतं, म्हणून दर एक तारखेला टूथब्रशनं साफ, आणि भरवसा भोकावर नाही तर तोंडाच्या उंचीवर. एनआरव्ही काढूनच टाकला, तो असला की माणूस निर्धास्त होतो. नवा हिशोब सत्तावीस लिटर, म्हणजे सम्प २३ वरून २८ वर जायला पाहिजे. पार्किंगकडं जाणारं भोक सिमेंटनं बुजवलं आणि सम्पच्या खाली पत्र्याचा ट्रे.

अण्णांनी सम्पच्या काचेला कागदाची मोजपट्टी चिकटवली, वरनं सेलोटेप, आणि मार्करनं तीन रेषा मारल्या. २३ ला "चालू", २८ ला "बंद", ३६ ला "धोका पातळी". मग शाळेची दोनशे पानी वही आणली आणि २५ जानेवारीला आम्ही दिवसभरात अकरा वेळा लाइट घालवली. दर वेळी अण्णा टॉर्च लावून वाचायचे, वेळ लिहायचे, पातळी लिहायचे. २८.०, २७.९, २८.१. बटन परत चालू केलं की सायफन पुन्हा धरायला मिनिट दीड मिनिट लागतो, तेवढा वेळ दुसऱ्या पाइपातनं घडघड आवाज येतो, घाबरू नका, तो हवा ओकतोय.

उलटी चाचणी अण्णांनीच सुचवली, मला सुचली नसती. "उतार तुंबला तर?" तिन्ही पाइपांत फडक्याचे बोळे कोंबले आणि पंप चालू ठेवला. आता पाणी फक्त वर जाणार. सम्पमधल्या पंपाच्या कप्प्यात जेवढं पाणी आहे तेवढंच तो ढकलू शकतो, मग हवा ओढायला लागतो. तो कप्पा मी मुद्दाम लहान ठेवला होता, वीस लिटरचा. वरती दोन सेंटिमीटर चढलं, काठाला अजून चार शिल्लक होते, पंप खरखरायला लागला, बंद केला. म्हणजे सगळं बिघडलं तरी वरनं सांडणार नाही. हा कप्पा मोठा ठेवायचा मोह होतो, पाणी कमी वेळा भरावं लागतं म्हणून, पण तसं केलं की हीच चाचणी नापास.

याच तर्कानं ऑटो टॉप-अप, म्हणजे वाफ होऊन गेलेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र. त्याचा सेन्सर पंपाच्या कप्प्यातच लागतो, कारण पातळी फक्त तिथंच कमीजास्त होते. आणि त्याची टाकी म्हणजे पंचवीस लिटरचा कॅन, त्याहून मोठी नाही. सेन्सर अडकून सगळा कॅन ओतला गेला आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली, तर सत्तावीस अधिक पंचवीस, बावन्न, सम्पमध्ये बसतंय.

फेब्रुवारीत खरं पाणी. आमच्या बोअरचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, नऊशेच्या आसपास, म्हणून आरओ आणि पुढं उरलेसुरले क्षार काढणारं डीआय रेझिन, तेरा हजार. नुसत्या गच्चीवरच्या टाकीच्या दाबावर आरओचं मेम्ब्रेन चालत नाही, बूस्टर पंप लागतोच. सातशे लिटर शून्य टीडीएसचं पाणी बनायला सहा दिवस लागले आणि त्यापायी एकवीसशे लिटर वाया जाणारं पाणी निघालं. हे मात्र मी सांडू दिलं नाही, आईनं दिलंच नसतं. फ्लश, फरशी, पार्किंग धुणं, सोसायटीच्या झाडांना पाइप. काकांची गाडी पण धुऊन दिली एकदा. मीठ साधारण लिटरला ३७ ग्रॅम, सातशे लिटरला सव्वीस किलो, दोन बादल्या तेरा हजार, खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५. मीठ टाकीतच ढवळलं, मासे आधी टाकायचे नव्हते म्हणून चाललं, पुढं पाणी बदलताना मात्र ड्रममध्ये वेगळं कालवायचं.

दगड कोरडे घेतले, मानवनिर्मित. आपल्या समुद्रातली प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, ती आणि त्यांचे दगड काढणं गुन्हा आहे, कुणी स्वस्तात देतो म्हणलं तरी नको. मासे घेताना पण हॅचरीतलेच, म्हणजे पैदास केलेलेच, विचारा आणि बिल घ्या. सायकलिंगला, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू टाकीत वाढायला, सहा आठवडे, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावर ६ एप्रिलला पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून थर्माकोलच्या डब्यात दोन क्लाउन मासे आले. आई पहिल्यांदा टाकीजवळ येऊन बसली.

उन्हाळ्यात चिलर घ्यावाच लागला, ४२ हजार, तो खर्च आधी धरला नव्हता. एप्रिल-मेमध्ये रोज आठ-नऊ लिटर पाणी वाफ होऊन जातं. आणि इन्व्हर्टरवर मी पंप ठेवलाच नाही, फक्त वेव्हमेकर, वीस वॅट. लाइट गेल्यावर माशाला गाळणी नको असते, हवा पाहिजे असते, त्यातनं पाणी तापलेलं असलं की त्यात ऑक्सिजन आधीच कमी. वेव्हमेकरचं तोंड वर करून पृष्ठभाग हलता ठेवला की चार-सहा तास निघतात. सम्प आपला २८ वर पडून राहतो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापूरला लग्नाला गेलो होतो. जेवणाच्या पंगतीत बसलो आणि लातूरकडच्या नातेवाइकांचे फोन यायला लागले, अवकाळी, वारं, झाडं पडली, अर्ध्या गावाची लाइट गेली. घास उतरेना. अण्णांना फोन लावला. बराच वेळ रिंग गेली, मग उचलला, मागं वाऱ्याचा आवाज.

"अण्णा, लाइट..."

"नऊ वाजून दहा मिनिटाला गेली. अठ्ठावीसला थांबलंय. वहीत लिहिलंय. तू जेव."